पायांची सूत्रे कमरेत

‘डॉक्टर, आईच्या पायाची नस दबली आहे,’ असे नातेवाईक सांगतात. पण पायांच्या स्नायूंना चालना देणारे मज्जातंतू अनेक आहेत. कोणती हालचाल अडते हे नीट पाहिले, तर दोष कुठे आहे याचा अंदाज येतो.

हे मज्जातंतू कमरेच्या मणक्यांतून व त्रिकास्थीतून निघतात. मांडीच्या पुढील भागातील फेमोरल मज्जातंतूमुळे गुडघा सरळ होतो. तो दुर्बल झाल्यास जिना उतरताना गुडघा एकाएकी दुमडतो. आतील बाजूचा ऑब्च्युरेटर मांड्या जवळ आणतो. त्याच्या शाखा खुबा आणि गुडघा या दोहोंना जातात; म्हणून झीज खुब्यात असूनही काहींचा गुडघाच दुखतो. नितंबातील ग्लुटिअल मज्जातंतू दोन. वरचा चालताना कमरेचा तोल सांभाळतो, खालचा खुर्चीतून उठण्याचे बळ देतो.

सर्वांत जाड सायटिक. तो मांडीच्या मागून उतरतो आणि सामान्यतः गुडघ्याच्या वर दुभंगतो. एका शाखेच्या बळावर आपण चवड्यांवर उभे राहतो. दुसरी गुडघ्याच्या बाहेरील अंगाला, किंचित खाली, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याला वळसा घालते. तेथे ती त्वचेच्या अगदी जवळ असते. ती दबली, की पाऊल वर उचलत नाही. चप्पल निसटते, चवडा घासतो, ठेच लागून पडण्याचे भय निर्माण होते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ही जागा लक्षात ठेवावी. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीचा पाय बाहेरच्या बाजूस कलंडतो आणि नेमका हाच भाग गादीवर दाबला जातो. मांडीच्या बाहेरून चादरीची गुंडाळी लावून पाय सरळ ठेवावा, साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, गुडघ्याखाली घट्ट पट्टी बांधू नये. रोज एकदा ‘पाऊल वर उचला’ असे सांगून पाहावे. उचलत नसेल, तर मालिश करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. दोन्ही पायांतील बळ झपाट्याने कमी होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, ही कमरेतील मज्जातंतूंचा जुडगा दबल्याची लक्षणे असू शकतात. आणि पायासोबत हातही लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी ‘वयच झाले’ असे म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.