शिक्षण-विचार : ऑनर्सचें चौथें वर्ष

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक-भगिनींचें पत्र आहे. त्यांची कन्या रसायनशास्त्र हा मुख्य व इतिहास हा गौण विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षांत शिकत आहे आणि ह्या दोन्ही विषयांस धरून चौथें वर्ष ऑनर्ससाठीं द्यावें, असा तिचा आग्रह आहे. घरांतील वडील मंडळींस हा प्रकार दोन डगरींवर पाय ठेवण्यासारखा वाटतो. एका वर्षाचा खर्च आणि मुलीची उमेद हीं दोन्हीं पणास लागलीं असतां वरवरचें उत्तर देणें उचित नव्हे. म्हणून थोडें मागून सुरुवात करतों.

अनेक विद्या एकत्र शिकविण्याची कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानेंच प्रथम काढली, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः ऑक्सफर्ड येथें ग्रीक व लॅटिन भाषा, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान ह्यांची मिळून एकच ऑनर्स-परीक्षा फार पूर्वीपासून चालत आली आहे. तिच्याच धर्तीवर, परंतु अर्वाचीन जगाकडे दृष्टि ठेवून, १९२० सालीं तेथें तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र ह्यांचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला. तो आजहि चालू आहे. मात्र पहिल्या वर्षानंतर तिहींपैकीं एक विषय सोडण्याची मुभा विद्यार्थ्यास असते, व ती पुष्कळजण घेतात. तीन विद्या सारख्याच खोलीनें पेलणें हुशार मुलांसहि जड जातें, हें त्यावरून उमजावें.

आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें तें अमेरिकेंतील स्वॉर्थमोर कॉलेजचें उदाहरण. फिलाडेल्फिया शहराजवळील हें लहानसें कॉलेज क्वेकर पंथीयांनीं १८६४ सालीं स्थापिलें. १९२१ सालीं फ्रँक एडलॉट हे गृहस्थ त्याचे अध्यक्ष झाले. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. हुशार विद्यार्थ्यानें मंद विद्यार्थ्याच्या पावलाशीं पाऊल जुळवीत चालावें, ही कवाईत त्यांना मान्य नव्हती. १९२२ पासून त्यांनीं निवडक विद्यार्थ्यांस शेवटचीं दोन वर्षें नेहमींच्या वर्गांतून मोकळें केलें. परस्परसंबद्ध विषय एकत्र बांधून त्यांचे छोटे मंडळवजा वर्ग भरूं लागले. विद्यार्थ्यानें निबंध आधीं लिहून आणावा, तो सर्वांनीं वाचावा आणि मग त्यावर वाद घालावा, अशी रीत पडली.

ह्या व्यवस्थेचा खरा कणा तिच्या परीक्षेंत आहे. शिकविणारा अध्यापक परीक्षक नसतो. दुसऱ्या विद्यापीठांतून बोलावलेले विद्वान लेखी उत्तरें तपासतात आणि मग समोर बसवून तोंडी प्रश्नहि विचारतात. त्यामुळें गुरु व शिष्य एकाच बाजूस उभे राहतात. अध्यापकाची मर्जी सांभाळण्याचें कारण उरत नाहीं, आणि 'आमच्या वर्गांत एवढेंच झालें' ही सबब परक्या परीक्षकापुढें चालत नाहीं. ही पद्धति तेथें शंभर वर्षांनंतरहि टिकून आहे.

आतां आपल्याकडील नियम पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें जो आराखडा काढला, त्यांत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक आहेत. १२० पैकीं बहुविद्याशाखीय म्हणून जे राखले ते अवघे ९. म्हणजे तीन छोटे अभ्यासक्रम. गौण विषयाचे २४ निराळे. परंतु मुख्य आणि गौण विषयांची एकमेकांशीं कोठें तरी गांठ पडलीच पाहिजे, असें बंधन कोठेंच नाहीं. शिंप्याकडे कापड एका दुकानचें व अस्तर दुसऱ्या दुकानचें नेऊन दिलें, तरी टांका कोणी घालावयाचा हा प्रश्न शिल्लक राहतोच!

तो टांका कसा पडतो, हें पाहण्यास दूर जावयास नको. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डहून १९२९ सालीं पदवी घेऊन आले व पुढें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. प्राचीन आहत नाण्यांचा काळ ठरविण्याचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. नाणें हातोहात फिरतां फिरतां झिजतें आणि एकाच वेळीं पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील तफावतहि वाढत जाते. त्यांनीं नाणीं अचूक तराजूवर तोलून, संख्याशास्त्राच्या आधारें त्यांचा क्रम लावला. नुसत्या इतिहासकारास हें सुचलें नसतें, आणि नुसत्या गणितज्ञास त्याची गरजच भासली नसती. मात्र ध्यानांत ठेवावें कीं, त्यांचें गणित पक्कें होतें. एका विद्येंत मूळ खोल गेलें होतें म्हणून दुसरीच्या मळ्यांत फांदी पसरली.

पत्रलेखिका भगिनींच्या कन्येस आमचें विचारणें एवढेंच : रसायनशास्त्र आणि इतिहास दोहोंवांचून सुटणार नाहीं असा एखादा प्रश्न तुझ्यापाशीं आहे काय? जुन्या वाड्यांच्या चुन्यांत गूळ, बेलफळ असे पदार्थ घालीत, असें सांगतात. त्यांतलें काय उरलें हें प्रयोगशाळा सांगेल. कोणी किती माल पुरविला हें जुन्या हिशेबाच्या कागदांतून शोधावें लागेल, आणि त्यासाठीं मोडी यावयास हवी. असा प्रश्न असेल तर वर्ष खुशाल द्यावें. नसेल, तर चौथ्या वर्षीं आणखी चाळीस श्रेयांकांची भर पडेल, याहून अधिक कांहीं हातीं लागेलसें वाटत नाहीं.

संशोधनासह ऑनर्स हवा असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ते होतील काय हें आधीं पाहावें. मार्गदर्शक कोण, हें कॉलेजांत जाऊन प्रत्यक्ष विचारावें. माहितीपत्रकावर विसंबूं नये. खर्चाविषयीं वडील मंडळींस सांगावयाचें तें असें कीं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम. एस्सी. एका वर्षांत करण्याची सोय धोरणांत ठेविली आहे. प्रश्न सांपडला नाहीं, तरी तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडतां येतें. त्यांत कमीपणा मानण्याचें कांहीं कारण नाहीं.