परडीभर दूर्वा

गेल्या भाद्रपदात गणपतीच्या आदल्या दिवशी आई परडी घेऊन अंगणात उतरली आणि जवळजवळ रिकाम्या परडीनेच परत आली. दूर्वांची जुडी बाजारातून विकत आणावी लागली. आमची हिरवळ लांबून चांगली दाट दिसायची. पण उकिडवा बसून पाहिलं तर जिच्या कोंबांच्या दूर्वा होतात ती हरळी तुरळकच उरली होती, बाकी सगळा लव्हाळा. त्याची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात. त्यावरून तो ओळखायला आईने शिकवलं.

आमचं नवीन पनवेलमधलं घर जुन्या भातखाचरावर मुरमाचा भराव टाकून बांधलेलं आहे. वर लाल माती जेमतेम चार बोटं. रायगडात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. दाबून बसलेल्या मुरमावर पाणी तुंबतं, हरळीची मुळं गुदमरतात आणि एप्रिलमध्ये तीच जमीन विटेसारखी टणक होते. लव्हाळ्याला हे दोन्ही सोसतं, कारण त्याची शिदोरी जमिनीखालच्या गाठींमध्ये असते.

मी दोन वर्षं तो हाताने उपटत होतो. पात हातात यायची, गाठ खालीच राहायची. या गाठी एका धाग्यात ओवल्यासारख्या असतात. धागा तुटला की इतके दिवस झोपलेल्या शेजारच्या गाठीही फुटतात. म्हणजे उपटून उपटून मी लव्हाळा वाढवलाच. एका दुकानात ग्लायफोसेट फवारायला सांगितलं. ते मी आणलं नाही. ते हिरवं दिसेल ते मारतं, हरळीलाही सोडत नाही.

‘तण खाई धन’ म्हणणारा शेतकरी हरळीलाच तण समजतो. तिच्या काशा खणून काढताना त्याची कंबर मोडते. आम्ही बंगलेवाले तीच हरळी जपतो. मग एवढं चिवट गवत आपल्या अंगणात का हरतं, हे विचारायला हवं होतं, आणि ते मी फार उशिरा विचारलं. दोष जमिनीत होता आणि माझ्या कापणीतही. मी गवत अगदी मातीलगत कापायचो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. हरळी दाट आणि दोन इंच उंच राहिली, तर तीच त्याला दाबते.

ऑक्टोबरपासून कामाला लागलो. माती ओलसर असताना खुरप्याने लव्हाळा गाठींसकट काढला. मातीला त्या गाठींचा मंद वास येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याचाच भाऊबंद, हे त्या वासाने पटलं. मग दातेरी फावड्याने वीतभर अंतरावर भोकं पाडून त्यांत जाड वाळू आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत भरलं. खत कच्चं असेल तर त्याबरोबर तणाचं बीही अंगणात येतं. पाणी वाहून जावं म्हणून कुंपणाकडे उतार काढला. गाजरगवत मात्र दिसलं की फुलं येण्याआधीच, हातमोजे घालून उपटायचं. एक झाड हजारो बिया टाकतं आणि अंगाला खाज आणतं. याच्याशी कसलीही तडजोड नको.

टाकळा आणि घोळ यांच्याबाबत आईचं मत वेगळं. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका टाकळ्याची कोवळी पानं पनवेलच्या बाजारात विकायला आणतात. ‘अंगणात आला तर उपटून फेकायचा कशाला, भाजी कर की,’ ती म्हणते. आणि ते खरं आहे. आमच्याकडे फवारणी झाली असती तर ती भाजी खाता आली नसती.

यंदा श्रावणात हिरवळ पूर्ण भरलेली नाही. लव्हाळा अजून इकडेतिकडे डोकं काढतो आणि पाऊस उघडला की मी खुरपं घेऊन बसतो. पण पूर्वेच्या कडेला हरळीचे धुमारे एकमेकांत विणले गेलेत. परवा आई तिथे वाकून तीन पानांचे कोंब निरखत होती. आंब्याखाली गवत धरत नाही, तिथे ऊनच पोचत नाही. तो तुकडा मी सोडून दिला आणि हळद लावली. नागपंचमीला पातोळ्यांसाठी तिची पानं आम्ही तिथूनच तोडली.