शेक देणारे हात

सियागंजात सकाळच्या प्रहरी पायी चालणे म्हणजे कसरतच. किराण्याची पोती, चहाची खोकी, त्यांतून वाट काढणारे हातठेले आणि पाठीवर ओझे घेऊन वाकून चालणारे हम्माल. (इंदुरात ‘हमाल’ म्हणून कोणी वळून पाहत नाही!) ही घाऊक पेठ ज्या पाठींवर उभी आहे, त्या दुखू लागल्या की काही भौतिकोपचारकाकडे पोहोचतात. आपल्या घरगुती बोलीत तो ‘शेक देणारा’.

वाचकहो, हा व्यवसाय आपल्याकडे तसा अलीकडचा. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यावर १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, त्याचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली; देशभरासाठी कायदा व्हायला मात्र २०२१ साल उजाडले.

रुग्णसेवा करणाऱ्यांच्या मनाला येणाऱ्या थकव्याला न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ म्हटले. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने त्याची तीन अंगे सांगितली: मन रिते होणे, माणसांविषयी अलिप्तता येणे, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. दुसरे अंग मला अधिक भयावह वाटते. मग रुग्णाला नाव उरत नाही. तो ‘तीन नंबरच्या खाटेवरचा गुडघा’ होतो.

शल्यविशारदाचे काम टाके घातल्यावर बरेचसे संपते. भौतिकोपचारकाचे अर्धे काम रुग्णाच्या घरी व्हायचे असते, आणि तिथे त्याचा इलाज चालत नाही. हम्मालाला सांगावे, तीन आठवडे ओझे उचलू नकोस. तो मान डोलावतो. पण रोजंदारी बुडाली तर चूल कशी पेटणार? चौथ्या दिवशी पन्नास किलोचे पोते पुन्हा पाठीवर, आणि महिन्याने तीच पाठ पुन्हा खाटेवर. अशा वेळी रागावणारा उपचारक मला बरा वाटतो. जो न रागावता, न बोलता यंत्र लावून पुढच्या खाटेकडे वळतो, त्याची चिंता वाटते. शाळेतही हेच पाहत आलो आहे. मुलांवर रागावणे सोडलेल्या शिक्षकाला आम्ही उगाच शांत स्वभावाचा म्हणतो.

यावर सेवाभावाची प्रवचने पुष्कळ होतात. वस्तुतः एका माणसाने तासाला किती रुग्ण पाहावेत, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. चार खाटांवर चार यंत्रे एकदम चालू असताना कोणाच्या दुखण्याची कहाणी ऐकायला सवड राहणार?

आपली घरेही यातून सुटत नाहीत. आजींच्या गुडघ्यासाठी उपचारक घरी आला की ‘आता आलाच आहात, तर माझा खांदाही पाहा’ असे काकांनी म्हणायचे, हा जणू शिष्टाचार! व्यायामाचा कागद मात्र फडताळात घडी मोडल्यावाचून पडलेला असतो. बरे वाटत नसले की तक्रारीला माणसे तत्परतेने जातात. बरे झालेले फिरकत नाहीत. त्यामुळे दिवसभर त्याच्या दृष्टीस पडतात ते बरे न झालेलेच. आजी जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालू लागल्या, ही वार्ता त्याला कोणी पोहोचवत नाही.