लिपी एक, वळणे दोन

पाटीवर ‘ल’ गिरवताना दोन पाकळ्या काढायच्या, हे आपल्या बोटांना अजून आठवते. आंतरजालावरच्या मराठी पानांवर मात्र पुष्कळदा दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ भेटतो. ही वळणे हिंदीची. हिंदीत ती शोभतातच. मराठीत ती का यावीत, एवढाच प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. पडद्यापर्यंत तो निर्णय पुरता पोहोचलेला नाही.

याचा दोष आपण संगणकाला देतो. युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे, हे खरे, पण वळण ठरते फॉन्टमध्ये. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हिंदी वळणाचा होता. आता अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि त्यांतले कोणते उमटवायचे, हे ब्राउझर पानाच्या घोषित भाषेवरून ठरवतो. पानाच्या आरंभी ‘लँग’ या गुणधर्मापुढे ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली की अशा फॉन्टमधून मराठी ‘ल’ मिळतो. तिथे काहीच लिहिले नाही, किंवा तयार साच्यातले इंग्रजीचे नाव तसेच राहू दिले, तर फॉन्टचे मूळ वळण दिसते; ते बहुधा हिंदी असते.

शैलीपत्रकातही असेच होते. इंग्रजीच्या मापाने ओळींची उंची ठेवली की एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा जुळवल्या की प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लांबलेल्या शब्दांमुळे अरुंद स्तंभात भोके पडतात. तिथे डावी कडाच सरळ ठेवावी.

‘वाचता येते ना, मग झाले,’ असे यावर म्हटले जाते. पण विद्यार्थ्यांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारणारे आपण भाषेचे अध्यापक, अक्षराच्या रूपाबाबतच एवढे उदार का होतो? आजची मुले पाटीपेक्षा पडद्यावर अधिक अक्षरे पाहतात. त्यांच्या डोळ्यांत जे वळण बसेल, तेच उद्या मराठीचे ठरेल. आणि आपल्या भाषेचे नाव आपणच सांगितले नाही, तर यंत्राने ते ओळखावे तरी कसे?