छत्तीस तासांत काय राहून जाते

२०१७ साली स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाले आणि सलग ३६ तासांत सॉफ्टवेअर घडवण्याची रीत आपल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. 'कोण काय करीत आहे' हे मित्रमंडळींना कळवणारे संकेतस्थळ कोल्हापूरची मुलेही एवढ्या वेळात सहज उभे करतील. आमचा आक्षेप घाईला नाही. घाईत जे मागे पडते त्याबद्दल आहे. सांगण्याची सोय आधी होते, लपवण्याची आणि पुसण्याची 'नंतर पाहू' म्हणून राहते. परीक्षकांसमोर मिरवायला ती उपयोगाची नसते ना! व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हाच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखू येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. रंकाळ्याभोवती पहाटे एकटी फिरणारी मुलगी सैनिक नव्हे. पण तिची वेळ आणि वाट अनोळखी माणसाला कळणे काही कमी धोक्याचे नाही.

कोणी म्हणेल, आमच्या पेठांत, तालमींत तरी काय झाकून राहते? खरे आहे. परंतु शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावरून जो पाहतो, तो स्वतःही दिसत असतो. संकेतस्थळावर पाहणारा दिसत नाही. तेव्हा परीक्षकांनी 'काय दाखवता?' याआधी 'कोणापासून काय लपवता येते?' हे विचारावे, आणि गुणही आधी त्याचेच द्यावेत.