घरच्या तबकड्या

घरात वाटण्या झाल्या की काय काय वाटले जाते, हे तुम्हांला सांगायला नको. पातेली, पाटल्या, फार तर शिवणयंत्र. पण एका घरी आईवडिलांच्या वाजवण्याच्या तबकड्या मुलांमध्ये वाटल्या गेल्या.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात १८८५ साली एड हेली जन्मला. तीनेक वर्षांचा असताना गोवर निघाला आणि दृष्टी गेली. (गोवराने डोळे जाऊ शकतात बरं का, विशेषतः ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेल्या मुलांचे. नऊ महिने पूर्ण झाले की द्यायची लस आणि तिच्याबरोबरचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका.) १८८९ मध्ये तिथल्या घराण्यांच्या वैरात वडील मारले गेले. पोर नातेवाइकांत वाढले आणि फिडल शिकले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, फक्त नाचाच्या ठेक्यावर वाजवायचे.

माझे लक्ष मात्र त्याच्या बायकोकडे जाते. एला ट्रंबो. तीही अंध, पण लुईव्हिलच्या अंधशाळेत शिकलेली, पियानो शिकवणारी. केंटकीतल्या अ‍ॅशलंड गावी दोघांनी संसार थाटला. कोर्टाच्या आवारात, जत्रेत तो फिडल वाजवी, ती मँडोलिनची साथ करी. लोक नाणी टाकत, त्यावर चूल पेटे. दोघांनाही दिसत नाही आणि पदरी पोरे! आपण धडधाकट डोळ्यांनी हिशेबाची वही बघतो, तरी वीस तारखेला जीव कासावीस होतो.

एवढा नावाजलेला, पण रेकॉर्ड कंपन्यांसाठी तो वाजवेना. आंधळ्याला फसवतील, ही धास्ती. आधी मला तो हट्टीच वाटला. मग आमच्या शाळेतल्या एका आजी आठवल्या. नातवाच्या फॉर्मवर अंगठा उठवण्याआधी म्हणतात, “बाई, परत एकदा वाचा.” जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्यावर सही करायची तरी कुणाच्या भरवशावर?

शेवटी १९४६-४७ च्या सुमारास एलाच्या थोरल्या मुलाने, राल्फने, तबकडीवर आवाज कोरण्याचे यंत्र घरी आणले. परका कुणी नाही, करार नाही. घरातच वाजवायचे, मुलगा गिटारवर, आई मँडोलिनवर.

१९५१ मध्ये एड वारला. तबकड्या मुलांकडे गेल्या, त्यांतल्या कितीतरी हरवल्याही. उरलेल्यांतून १९७६ च्या सुमारास ‘पार्कर्सबर्ग लँडिंग’ ही रेकॉर्ड निघाली. पुढे जॉन हार्टफर्ड या वादकाने ध्यास घेऊन आणखी शोधाशोध केली आणि १९९७ मध्ये ‘फोर्क्ड डिअर’ आली. तबकड्या झिजलेल्या, खरखर फार. पण कान देऊन ऐकलेत, तर काही गतींत फिडलच्या मागे एलाचे मँडोलिन ऐकू येते.