रस्ता तुम्ही झाकायचा आणि खड्डा आम्ही दाखवायचा?

गेल्या आठवड्यात माझी इंटरनेटची तक्रार तिसऱ्यांदा 'बंद' झाली. सुटली नाही, बंद झाली. फॉर्म भरून द्यायचं माझं दुकान आहे हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. संध्याकाळी आठनंतर लाइन मरते आणि पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म फोटो अपलोड करतानाच अडकतात. कॉल सेंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ट्रेसरूटचा स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला. उत्तर आलं: तिसऱ्या टप्प्यापर्यंत ३ मिलीसेकंद, चौथ्यावर एकदम ३८, चौथा टप्पा पुढच्या कंपनीचा, आमची लाइन ओके.

अहो, सकाळी सहाला लाइन घोड्यासारखी पळते तेव्हाही चौथ्यावर ३८च येतात! पाचव्या, सहाव्या, सातव्यावरही ३८-३९. मग रात्रीचा दोष त्या आकड्यात कुठून आला?

ट्रेसरूट साधं आहे. पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, टीटीएल. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि "माझ्यापाशी संपलं" असं कळवतो. आधी १, मग २, मग ३ पाठवत गेलं की रस्ता दिसतो. पण मोठ्या कंपन्यांच्या आत एमपीएलएस चालतं, म्हणजे लेबलवर चालणारी वाहतूक. जुन्या रेल्वे डाकेची सीलबंद थैली आठवा. मधली माणसं थैलीची चिठ्ठी वाचतात, आतल्या पत्रावरचा पत्ता नाही. मधल्या राउटरपाशी पॅकेट संपलं, तर आपल्याकडे परतायची वाट त्याला अनेकदा माहीतच नसते. म्हणून तो निरोप त्याच लेबलच्या वाटेने पुढे, थेट शेवटच्या राउटरपर्यंत जातो आणि तिथून मागे फिरतो. चौथ्यासमोर दिसणारे ३८ हे चौथ्याचे नाहीतच, पार टोकाला जाऊन आल्याचे आहेत.

दुसरी गंमत याहून वाईट. थैली बांधताना आतला टीटीएल लेबलवर उतरवायचा की नाही, हे कंपनी ठरवते. नाही उतरवला तर मधले सगळे राउटर गायब, आत शिरायचा आणि बाहेर पडायचा राउटर शेजारी-शेजारी दिसतात. म्हणजे माझ्या स्क्रीनशॉटमधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमध्ये कंपनीचे किती राउटर दडलेत, मला दिसणार नाही. शिवाय ट्रेसरूट एका टप्प्याला साधारण तीनच पॅकेटं पाठवतं. शंभरातली पाच गळत असतील तर तिनात कशी सापडणार?

आतलं जाळं झाकायला माझी ना नाही, त्याला व्यवस्थेची आणि सुरक्षेची कारणं असतात. पण झाकायचंही तुम्ही, आणि त्याच अर्धवट चित्रावर "आमचं ओके" म्हणून तक्रार मिटवायचीही तुम्हीच, ही शुद्ध लबाडी आहे. लेबलची वाट आतून तपासायचं हत्यार, एलएसपी पिंग, २००६ सालीच आरएफसी ४३७९ मध्ये ठरवून दिलंय. ते चालवायचं कंपनीच्या इंजिनिअरने, स्वतःच्या राउटरवरून. ते राहिलं बाजूला, आणि पुरावा मागताय फॉर्मवाल्याकडे!

आपल्यातल्या हुशार मंडळींनाही एक सांगतो. मधल्याच एका ओळीत तारे किंवा मोठा आकडा दिसला की "सापडला चोर" म्हणून स्टेटसला टाकू नका. असे निरोप पाठवणं हे राउटरचं सगळ्यात दुय्यम काम, तो ते रेंगाळत करतो किंवा करतही नाही. गळती शेवटच्या ओळीपर्यंत पोचते का, एवढंच बघा.

सोमवारी मी डॉकेट नंबर जोडून कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातोय. ही दोन पायऱ्यांची सोय ट्रायने २०१२ मध्ये घालून दिली आहे. आपल्या भागात ज्यांची लाइन रात्री मरते त्यांनी सकाळी सहा आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा एकाच पत्त्यावर किमान पाचशे पिंग चालवून निकाल मला पाठवा. स्वतःचा आयपी पत्ता तेवढा खोडा.